जून-जुलैत झांबियातली शाळा आणि विश्वचषक: कुणाला अनुभव आहे का?

ऐरोलीकर:

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीची. ठाण्यातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. मे महिन्यापासून झांबियात, किट्वे शहरातल्या एका शाळेत रुजू होतेय. व्हिसा, घर, पगार हे सगळं शाळेने व्यवस्थित समजावून सांगितलंय, तो विषय इथे नको. माझा प्रश्न फुटबॉलचा आहे आणि घरी तो विचारावा असं कुणी नाही.

२००६ च्या अंतिम सामन्यात झिदानला लाल कार्ड मिळालं तेव्हा मी पाचवीत होते. ढसाढसा रडले होते. तेव्हापासून एकही विश्वचषक सोडलेला नाही. आमच्या सोसायटीत क्रिकेटचा सामना असला की गच्चीवर पडदा लागतो, फुटबॉलला मात्र मी आणि माझा धाकटा भाऊ, आवाज बारीक करून, कारण बाबांना पहाटेची लोकल गाठायची असते.

यंदा, २०२६ ला, ११ जून ते १९ जुलै अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडात स्पर्धा आहे. आपल्याकडे तेव्हा शाळा नुकत्या सुरू होतात, तिथे मे ते ऑगस्टचं सत्र ऐन भरात असेल आणि पहिला तास सकाळी सातला. नवी नोकरी, नवा देश, त्यात रात्रीची जागरणं. मुलाखतीत मुख्याध्यापिकांनी विचारलं, अभ्यासाव्यतिरिक्त काय घ्याल? मी फुटबॉल म्हणाले, तर त्यांनी तिथल्या तिथे मुलींचा संघ माझ्याकडे दिला. कॉलेजमध्ये मी खेळले आहे, पण कुणाला शिकवलेलं नाही.

तर सामने तिथे किती वाजता दिसतील, एकट्या बाईने रात्री ते कुठे आणि कुणाबरोबर पाहावेत, झांबिया स्पर्धेत नाही तर तिथली माणसं कुणाच्या बाजूने असतात, आणि वर्गात या विषयाला किती वाट द्यावी? आफ्रिकेत किंवा दुसरीकडे शाळेत काम करताना कुणी अशी स्पर्धा अनुभवली असेल तर कृपया सविस्तर लिहा.

नौपाडा ते किट्वे:

ताई, किट्वे हे नाव वाचलं आणि ताट बाजूला सारून लिहायला बसलो. २००९ ते २०१४ मी तिथे रसायनशास्त्र शिकवलं. आता निवृत्त होऊन नौपाड्यात असतो.

वेळांचं आधी उरकतो. झांबियाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. न्यूयॉर्कला दुपारी तीनला सुरू होणारा सामना ठाण्यात रात्री साडेबाराला दिसतो, किट्वेत नऊला. तिकडचा दुपारी बाराचा तुम्हाला संध्याकाळी सहाला, संध्याकाळी सहाचा मध्यरात्री, आणि रात्री नऊचा पहाटे तीनला. उद्घाटनाचा मेक्सिको-दक्षिण आफ्रिका आणि १९ जुलैचा अंतिम सामना, दोन्ही रात्री नऊचे. म्हणजे ऐरोलीपेक्षा तुमची सोय चांगली आहे. सहाचे आणि नऊचे पाहा, पहाटेचे सोडून द्या.

कुणाबरोबर पाहायचे यावर जरा सावकाश लिहितो, कारण माझं तिथलं सगळं राहणं त्यावर फिरलं.

मी गेल्यानंतरचा पहिला विश्वचषक २०१० चा, दक्षिण आफ्रिकेतला. झांबियाच्या पुरुषांचा संघ विश्वचषकाला आजवर एकदाही पोहोचलेला नाही, तेव्हाही नव्हता. पण घाना उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि आमचं अख्खं आवार घानाचं झालं. उरुग्वेविरुद्ध जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी सुआरेझने गोलरेषेवर हाताने चेंडू अडवला. पेनल्टी. असामोआ ग्यानने ती आडव्या दांड्यावर मारली आणि शूटआउटमध्ये घाना बाहेर. शुक्रवार होता. सोमवार-मंगळवार सुट्टी होती, बुधवारीही माझ्या दहावीच्या वर्गात एकही मूल धड बोलत नव्हतं. घाना किट्वेपासून किती तरी देश पलीकडे आहे. पण त्या मुलांसाठी तो त्यांचाच संघ होता. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. यंदा मोरोक्को, सेनेगल, इजिप्त, घाना, दक्षिण आफ्रिका आहेत, केप व्हर्दे तर पहिल्यांदाच आलाय. यातला जो टिकेल तो किट्वेचा.

आता २०१२. त्या आधी १९९३ सांगावं लागेल, आणि हे तुम्ही जाण्याआधी माहीत करून घ्याच.

२७ एप्रिल १९९३ ला झांबियाचा संघ विश्वचषकाच्या पात्रता सामन्यासाठी सेनेगलला निघाला होता. हवाई दलाचं विमान होतं. गॅबनमधल्या लिब्रव्हिलला इंधन भरून उडालं आणि थोड्याच वेळात समुद्रात कोसळलं. विमानातले तीसही जण गेले, त्यात १८ खेळाडू. प्रशिक्षक गॉडफ्रे चितालूही गेले, जे स्वतः झांबियाचे मोठे गोलवीर होते. कर्णधार कालुशा ब्वाल्या हॉलंडमध्ये खेळत असल्यामुळे परस्पर जाणार होता, म्हणून वाचला. हा तोच कालुशा, ज्याने १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये इटलीला ४-० हरवताना तीन गोल केले होते. पुढच्याच वर्षी नव्याने बांधलेला संघ आफ्रिका चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि नायजेरियाकडून २-१ हरला. किट्वे, न्डोला, मुफुलिरा हा सगळा तांब्याच्या खाणींचा पट्टा, आणि फुटबॉल या पट्ट्याच्या घराघरांत. आमच्या शाळेतले जीवशास्त्राचे सर मुफुलिराचे. लहानपणी त्यांनी कालुशाला तिथल्या मैदानावर खेळताना पाहिलं होतं. १९९३ बद्दल ते शांतपणे सांगायचे आणि मध्येच थांबायचे.

२०१२ ची आफ्रिका चषक स्पर्धा गॅबन आणि इक्वेटोरियल गिनी या दोन देशांत होती. झांबियाचे सगळे सामने इक्वेटोरियल गिनीत. लिब्रव्हिलला फक्त अंतिम सामना खेळायला जायचं होतं, म्हणजे अंतिम फेरी गाठली तरच संघ त्या शहरात पाऊल ठेवणार होता. ही गोष्ट आमच्या शाळेतल्या प्राथमिकच्या मुलालाही ठाऊक होती.

२१ जानेवारीला सेनेगलला २-१ हरवलं तेव्हा शिक्षकांच्या खोलीत थोडा गलका झाला. लिबियाशी भर पावसात तुंबलेल्या मैदानावर २-२ बरोबरी झाली. मग यजमानांना १-०, सुदानला ३-०. उपांत्य फेरीत पुढे कोण, तर घाना! बुधवार, ८ फेब्रुवारी. घानाला पहिल्याच टप्प्यात पेनल्टी मिळाली आणि मारायला पुन्हा ग्यान. केनेडी म्वीनीने ती अडवली. दोन वर्षांपूर्वी ज्या मुलांनी ग्यानसाठी डोळे पुसले होते तीच मुलं आता अंगणात नाचत होती. नंतर मायुकाने गोल केला आणि संघ लिब्रव्हिलला निघाला. सामन्याआधी खेळाडूंनी तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन फुलं वाहिली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातला तो फोटो आमच्या मुख्याध्यापकांनी फलकावर लावला, बाकी काही लिहिलं नाही.

१२ तारखेचा रविवार. मी जीवशास्त्राच्या सरांकडे गेलो. त्यांच्याकडे डीएसटीव्हीची डिश होती. टीव्ही खिडकीत अंगणाकडे तोंड करून ठेवला होता. वसतिगृहाची मुलं, शेजारपाजारच्या बायका, पोरंटोरं, शाळेचे रखवालदार, सगळे बाहेर. सरांच्या मिसेसनी मोठ्या भांड्यात न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि कपेंटा केला होता. कपेंटा म्हणजे बारीक सुके मासे, आपल्या सुकटीच्या जवळचे. मालवणी माणसाला तिथे उपाशी राहायची वेळ येत नाही. समोर आयव्हरी कोस्ट, द्रोग्बा, तूरे बंधू, जेर्विन्हो. त्या संघाने आख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नव्हता. द्रोग्बाने सत्तराव्या मिनिटाला पेनल्टी वरून मारली. गोलशून्य बरोबरी, जादा वेळ, शूटआउट. तिकडे झांबियाचे खेळाडू मैदानाच्या मध्यात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गात होते आणि इकडे अंगणातल्या बायकांनी तेच गाणं उचललं. म्वीनीने स्वतः पेनल्टी मारली. मग कोलो तूरेची अडवली. मग कलाबाची वरून गेली आणि अंगण गप्प झालं. मग जेर्विन्होचीही गेली. सुंझूने मारली ती आत. ८-७.

सरांनी मला मिठी मारली आणि रडले. मीही रडलो, लिहायला संकोच वाटत नाही. प्रशिक्षक रेनार जखमी मुसोंडाला उचलून घेऊन सहकाऱ्यांकडे गेले तो क्षण टीव्हीवर दिसला तेव्हा तर कुणालाच आवरलं नाही. सोमवारी शाळेत शिकवणं असं फारसं झालंच नाही. संघ लुसाकाला उतरला, रस्ते माणसांनी भरले, आणि आम्ही वर्गावर्गात रेडिओ लावून ऐकत बसलो. त्या दिवसापर्यंत पालक मला ‘इंडियन टीचर’ म्हणून हाक मारायचे. नंतर नावाने मारू लागले.

म्हणून माझा सल्ला एकच: खोलीत बसून मोबाइलवर सामने पाहू नका. पहिल्या आठवड्यात सहकाऱ्यांपैकी कुणाकडे टीव्हीभोवती माणसं जमतात ते विचारा आणि त्या घरी जा. कुटुंबाचं घर निवडा, बार नको. येताना कुणी सोडायला येईल हे आधी ठरवून ठेवा, रात्री एकटीने चालत फिरू नका. हात हलवत जाऊ नका, शेंगदाणे, चिवडा, काहीतरी न्या.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. जून-जुलै म्हणजे तिथला हिवाळा, रात्री चांगलंच गारठतं. ऐरोलीतून निघताना स्वेटर आणि शाल बॅगेत वरच ठेवा, कारण सामने अंगणात पाहायचे आहेत. दुसरं म्हणजे वीज. देशाची बहुतेक वीज पाण्यावर, आणि २०२४ च्या दुष्काळात करिबा धरण आटलं तेव्हा लोकांनी फार भयंकर भारनियमन काढलं. चार्ज होणारा छोटा रेडिओ जवळ असू द्या.

खारघर ते दोहा:

वरचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. मी २०२२ ला दोह्यातल्या एका भारतीय शाळेत विज्ञान शिकवत होते. पण आमची गोष्ट वेगळी होती, म्हणून ताईंना जरा सावध करते.

आम्हाला स्पर्धाच घरी आली होती. २० नोव्हेंबरला सुरू व्हायच्या आधीच शाळांना सुट्टी लागली. स्थानिक रहिवाशांसाठी गटातल्या सामन्यांची तिकिटं ४० रियालपासून होती, आठही मैदानं दोहा आणि आसपास, मेट्रो फुकट. दुपारी एकचा सामना पाहून रात्री दहाच्या दुसऱ्या सामन्याला जाणारे लोक मी पाहिलेत. २२ नोव्हेंबरला लुसैलमध्ये सौदीने अर्जेंटिनाला २-१ हरवलं तेव्हा मी आत होते. माझ्या वर्गातली मल्याळी मुलं जन्मापासून अर्जेंटिनाची किंवा ब्राझीलची. त्या संध्याकाळी पालकांच्या गटावर सांत्वनाचे संदेश सुरू होते. आणि मोरोक्कोने पोर्तुगालला १-० हरवून उपांत्य फेरी गाठली, आफ्रिकेतला पहिलाच संघ, तेव्हा सूक वाकिफमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. आमच्या अरबीच्या बाई ट्युनिशियाच्या. त्यांनी मला फोनवर नुसतं ‘ऐकतेस ना?’ विचारलं आणि फोन खिडकीबाहेर धरला.

हे सगळं सुट्टीत होतं. तुम्हाला सकाळी सातला वर्गात उभं राहायचंय, नवीन ठिकाणी, आणि पहिल्या सत्रात तुमच्यावर सगळ्यांचं लक्ष असेल. एकदा जांभया देणारी बाई असं नाव पडलं की ते पुसायला वर्ष जातं. माझं मत: साखळीतले फार तर आठवड्याला दोन-तीन सामने, ३२ संघ उरल्यावर वाढवा. आणि वर्गात फुटबॉल नको. तासात एकदा चर्चा सुरू झाली की गणित परत येत नाही. मधल्या सुट्टीत बोला की हवं तेवढं.

नेरुळचा पीटी शिक्षक:

खारघरच्या बाईंचं झोपेबद्दल पटलं, वर्गाबद्दल पटलं नाही. २०१७ ला १७ वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आपल्या डी. वाय. पाटील मैदानावर आला तेव्हा मी आमच्या शाळेची मुलं घेऊन गेलो होतो. माली-स्पेन उपांत्य सामना, स्पेन ३-१ ने जिंकला. आमची पोरं का कुणास ठाऊक पण मालीसाठी ओरडत होती. परत आल्यावर भूगोलाच्या मॅडमनी नकाशावर माली शोधायला लावला, तो तास मुलं अजून काढतात. विषय वर्गात येणारच असतो, बाईंनी आणला तर निदान कामाला लागतो.

ताई, तुमच्या मुलींच्या संघाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो, मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. झांबियाच्या पुरुषांना जे जमलं नाही ते तिथल्या मुलींनी केलंय. २०२३ च्या महिला विश्वचषकात त्या खेळल्या, कोस्टारिकाला ३-१ हरवलं, आणि त्या सामन्यात बार्ब्रा बांडाने मारलेला गोल महिला विश्वचषकाच्या इतिहासातला हजारावा. पुढे रेशेल कुंदानंजीसाठी अमेरिकेतल्या क्लबने २०२४ ला महिला फुटबॉलमधली तेव्हाची विक्रमी रक्कम मोजली. तुमच्याकडे येणाऱ्या मुलींना ही नावं तोंडपाठ असणार. तुम्हालाही असू द्या.

शिकवायचं म्हणाल तर मे पर्यंत वेळ आहे. नियमपुस्तिका नव्याने वाचा. गोलरक्षकाने चेंडू हातात ८ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर आता समोरच्यांना कॉर्नर मिळतो. आपण कॉलेजमध्ये खेळलो तेव्हा असं नव्हतं. मुली टीव्हीवर पाहून दुसऱ्या दिवशी तुम्हालाच विचारतील. हवा भरायचा पंप आणि सुया इथूनच घेऊन जा, सुया हमखास हरवतात. पहिला महिना डावपेच नको, फक्त चेंडू थांबवणं आणि पास. चार जणींच्या मध्ये दोघी उभ्या करून पास खेळवा, रोज वीस मिनिटं.

ऐरोलीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. नौपाड्याचे सर, तुमचं लिहिणं मी आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आई आतापर्यंत ‘कशाला इतक्या लांब’ म्हणत होती. आता तिने सुकट बांधून द्यायचं काढलंय.

खारघरच्या ताई, सामन्यांचं तुम्ही म्हणता तसं वेळापत्रक आखतेय, साखळीत शुक्रवार-शनिवारचे नऊचे आणि मधले फक्त सहाचे. पण वर्गाबाबत मी नेरुळच्या सरांच्या बाजूने. यंदा ४८ संघ, १२ गट. प्रत्येक गटात सहा सामने म्हणजे ७२, बाद फेरीचे ३२, एकूण १०४. हे आठवीला. आणि १२ तिसऱ्या क्रमांकांपैकी उत्तम आठ पुढे जाणार, तर ते आठ कोणत्या गटांतून येतील याच्या शक्यता ४९५. हे बारावीला, आणि त्यांनी सूत्राशिवाय मोजायला सुरुवात करावी अशी माझी इच्छा आहे, म्हणजे सूत्र का लागतं ते कळेल. एवढं आयतं गणित समोर असताना मी ते मधल्या सुट्टीत कसं ढकलू?

सर, अजून एक. १९९३ च्या खेळाडूंची समाधी आहे का कुठे? शाळेत रुजू व्हायच्या आधी तिथे जाऊन यावं असं वाटतंय.

नौपाडा ते किट्वे:

आहे, लुसाकात. इंडिपेंडन्स स्टेडियमला लागूनच, हीरोज एकर म्हणतात. किट्वेहून लुसाका साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, बसने दिवस जातो. म्हणून जातानाच पाहा. न्डोलाचं विमानाचं तिकीट न काढता लुसाकाला उतरा, एक रात्र राहा, सकाळी जाऊन या आणि मग बस पकडा. शाळेचा माणूस न्यायला येणार असेल तर त्याला आधी कळवा. तो बहुधा तुमच्याबरोबरच येईल.